आडनाव बदललं की पळणारी ओळ

"बघा, परत गेली!" दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या सुनीताताई वैतागून म्हणाल्या. "लग्न झालेल्या पेशंटचं आडनाव बदललं, एंटर मारलं, की बाई गायब. मग तिची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिली जाते भलत्याच्याच नावापुढे!"

प्रोग्रॅम माझाच. सकाळपासून कोडमध्ये डोकं खुपसून बसले होते, तेव्हा कळलं. ग्रिडमधली, म्हणजे पडद्यावरच्या तक्त्यातली, यादी आडनावांप्रमाणे लावलेली. आडनाव बदलताच ओळ मुकाट उठायची, नव्या जागी जायची आणि तिच्या जागेवर दुसरंच कुणीतरी यायचं. मेलं ग्रिड! शिकलं कुठून हे? आपल्याकडूनच की, सासरी जाणाऱ्या बायकांकडून.

शेवटी यादी केस नंबरप्रमाणे लावली. सुनीताताईंनी आडनाव बदललं. ओळ जागची हलली नाही.

त्या बघतच राहिल्या. "असंही करता येतं होय?"