लोरीन टिबेट्सची काळी चाकं

लोरीन टिबेट्सला कुणी "आता वय झालं तुमचं" म्हटलं की ती लगेच विचारते, "कशाचं?" समोरचा गडबडतो. मग ही म्हणते, "आधी ठरव, मग सांगायला ये." हे तिने डॉक्टरला विचारलंय, पाद्र्याला विचारलंय आणि गाडीचा परवाना नव्याने करून देणाऱ्या बाईला तर दोनदा विचारलंय. परवाना मिळाला.

वय एकोणऐंशी. अंगावर मूठभर मांस नाही, पण आवाज साठ पोरांच्या बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचणारा. नेब्रास्कात तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, बर्फात आणि चिखलात, आणि एकाही पोराला ओरखडा येऊ दिला नाही. नवरा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात घर विकलं आणि एका कोंबडीवाल्याच्या आवारातून गाडीला जोडून ओढायचं हे चाकांवरचं घर, हा ट्रेलर, घेऊन आली. १९५८ सालचा, चौदा फुटी. आत तेवीस कोंबड्या नांदत होत्या. लोरीनने तो अख्खा उन्हाळा घासला. त्यात पलंग आहे, दोन शेगड्यांचा ओटा आहे, आणि ओट्याखाली बिडाचे तवे, कढया आणि घेवड्याच्या डब्यांचं कोठार आहे. गेली बावीस वर्षं हेच तिचं घर. उन्हाळ्यात वर डोंगरात, हिवाळ्यात खाली आमच्या ॲरिझोनाच्या वाळवंटात. मी तिची हिवाळ्यातली शेजारीण.

सरकारी माळावर आम्हाला चौदा दिवस राहता येतं. मग जागा सोडायची आणि पंचवीस मैल लांब दुसरी धरायची. ज्याचं घर हलत नाही, त्याला इथे थारा नाही. लोरीनला हा कायदा फार आवडतो. तिच्या मते सगळ्या जगाला तो लावायला हवा.

जानेवारीत याच माळावर जुन्या ट्रेलरवाल्यांचा मेळावा भरतो. त्यात सगळ्यात मानाची ती 'मूळ रांग'. कारखान्यातून निघाला तसाच ट्रेलर, एक खिळाही बदललेला नाही, टायर बदलले तरी तसलेच, अशांनाच तिथे जागा. रांगेचा कारभारी वेंडेल प्रू, निवृत्त दंतवैद्य. हातात विजेरी आणि वही घेऊन हा माणूस गुडघ्यावर बसतो आणि लोकांच्या चाकांमध्ये असा डोकावतो, जणू किडलेली दाढच शोधतोय. लोरीनची अकरा नंबरची जागा त्या रांगेत ठरलेली. बाकीचे बहुतेक जण आपला ट्रेलर मोठ्या ट्रकवर चढवून आणतात, का तर मूळ टायर झिजू नयेत. लोरीन त्यांना तोंडावर म्हणायची, "घर तुमचं, आणि पाय दुसऱ्याचे!" ती एकटीच आपल्या चाकांवर यायची.

आता तिची चूक सांगते, कारण ती झाकली तर गोष्टच राहत नाही. बसचे टायर ती रोज सकाळी काठीने ठोकून बघायची. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होऊन मरतो, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. पण मूळ रांगेसाठी पांढऱ्या पट्ट्याचे अरुंद टायर लागायचे, आणि त्या मापाचे आता सहजी मिळत नाहीत. म्हणून तिने तेच टायर उन्हात कापडी टोप्या घालून, पुसून, जपून अकरा वर्षं चालवले. नक्षी अगदी नव्यासारखी! बघणाऱ्याने बाळाच्या गालावरून फिरवावा तसा हात फिरवावा अशी.

या वर्षी मेळाव्याच्या दहा दिवस आधी, माळापासून दोन मैलांवर, डावा टायर फुटला. रबराच्या चिंध्यांनी चाकावरचा पत्रा फाडला, आतली जमीन उखडली, ओट्याचे खण बाहेर फेकले. मी पोचले तेव्हा पलंगभर घेवडा सांडला होता आणि लोरीन पायरीवर बसून स्वतःलाच शिव्या घालत होती.

"बसला असले टायर मी एक दिवस ठेवले नसते," ती म्हणाली. "त्या वेंडेलच्या वहीसाठी ठेवले. अकरा वर्षं! अक्कल गहाण टाकली मी."

"जाऊ दे गं, जीव वाचला ना."

"जाऊ कशाला देऊ? लाज वाटायला पाहिजे मला. वाटू दे."

पांढऱ्या पट्ट्याचीच जुनी स्टेपनी लावून आम्ही कसाबसा ट्रेलर माळावर आणला. तिसऱ्या दिवशी फिनिक्सहून तिची मुलगी डार्सी आली. मुलगी वाईट नाही. तिने फाटलेला पत्रा पाहिला आणि ती तिथेच रडायला लागली. डोळे पुसून म्हणाली, "आई, बास झालं. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. पडदे पण लावलेत."

"कुठल्या रंगाचे?"

"पिस्ता."

"देवा," लोरीन म्हणाली.

तेवढ्यात वेंडेलही आला. त्याला खबर लागली होती. त्याच्या शेडमध्ये असे नऊ ट्रेलर आहेत, कुणी हात लावू नये म्हणून पुढे दोऱ्या लावून ठेवलेले. "लोरीनबाई, पत्रा मी नीट करून घेईन," तो म्हणाला. "हा ट्रेलर मला द्या. एकच अट. ही चाकं बदलू नका. मूळ चाकांशिवाय याला अर्थ नाही."

"आणि माझ्याशिवाय आहे?" लोरीनने विचारलं. वेंडेलने वहीत बघितलं.

शेवटी मायलेकींचं ठरलं. चौदाव्या दिवशी लोरीनने स्वतःच्या हाताने ट्रेलर जोडून माळ सोडायचा. जमलं तर डार्सीने पुन्हा पडद्यांचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर ट्रेलर वेंडेलच्या शेडमध्ये आणि लोरीन मागच्या खोलीत. मला साक्षीदार केलं. लोरीनचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी ट्रेलर ओढत रेमुंदोच्या टायरच्या दुकानात गेलो. रेमुंदो माणूस गोड, पण बोलायला लागला तो डार्सीशी. "मॅडम, आईंसाठी हे बघा. थेट ट्रेलरचेच टायर, आजच्या आज बसवून देतो. जुन्याच रिमवर चढतील."

"आई इथे उभी आहे," लोरीन म्हणाली. "किती हवा लागते याला?"

"पासष्ट पौंड."

"आणि ही रिम पंचेचाळीस पौंडांच्या काळातली. घे, नटांच्या भोकाकडे बघ. दिसतेय चीर?"

रेमुंदोने चष्मा लावला. केसाएवढी चीर होती, पण होती. त्याने रिम बाजूला ठेवली.

"आता टायर उलटा कर. आतल्या बाजूला आकडे असतील, ते वाच."

त्याने वाचले. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. टायर पाच वर्षांपूर्वीचा होता.

"पण हा वापरलाच नाहीये हो! कोरा आहे," रेमुंदो म्हणाला.

"माझाही कोराच दिसत होता, बाळा. पलंगावर घेवडा सांडेपर्यंत. पाच वर्षांपूर्वीचं दूध बाटली उघडली नाही म्हणून पितोस का तू?"

डार्सी हळूच म्हणाली, "आई, तो बिचारा मदत करतोय."

"मग करू दे की. नीट करू दे."

मग सुरू झाली ती निवड. मी लग्नाला मुलगा पसंत करताना एवढा वेळ घेतला नव्हता, आणि पस्तावले. पांढऱ्या पट्ट्याचे मोटारीचे टायर मागवता आले असते. दिसायला थेट जुने, मूळ रांगेत चालून गेले असते. पण मोटारीच्या टायरची बाजू मऊ, वळणावर ट्रेलर झुलतो. ते गेले. एक इंच मोठी चाकं दुकानातच होती. लोरीन जमिनीवर पालथी झाली, चाकावरच्या पत्र्याखाली बोटं घालून माप घेतलं. खड्ड्यात ट्रेलर दबला की टायर पत्र्याला घासणार. तीही गेली. वजन किती पडतं हे कळल्याशिवाय ती टायरचं नाव घेईना, म्हणून तसेच उठून भंगारवाल्याच्या काट्यावर गेलो. आधी एक चाक चढवलं, मग दुसरं. उजवीकडे अकराशे पौंड. डावीकडे चौदाशे ऐंशी. फुटलेल्या टायरवर लिहिलं होतं, अकराशे पन्नासपर्यंत.

"बघ!" डार्सी म्हणाली. "तो सगळा ओटा डावीकडे आहे. एकटीला सात तवे कशाला गं लागतात? काढून टाक."

"का काढू?"

"वजन कमी होईल!"

"तवे माझे आहेत. टायर मला शोभेल असा घेईन, टायरला शोभेल अशी मी नाही होणार." मग ती काटेवाल्याकडे वळून म्हणाली, "चिठ्ठी दे रे. दोन्ही बाजूंची."

अखेर तिने ठरवलं. माप तेच चौदा इंची, पण रिम नव्या, जाड पत्र्याच्या, दोन हजार पौंड पेलणाऱ्या. टायर दुसऱ्या शहरातून मागवायचे, आणि गेल्या वर्षभरात बनलेले नसतील तर रेमुंदोने ते ट्रकमधून उतरवूनसुद्धा घ्यायचे नाहीत. स्टेपनीही तसलीच. रंग एकच मिळत होता, काळा. ना पट्टा, ना मधोमध चकचकीत टोपी.

"दिसायला जरा हे आहेत," रेमुंदो चाचरत म्हणाला.

"मीही आहे," लोरीन म्हणाली.

टायर यायला पाच दिवस लागले. तेवढ्यात एका पत्रेवाल्याने फाटलेली जागा ठोकून दिली, आणि मी आणि लोरीनने नवी फळी मारली. माझा अंगठाही ठोकला, पण ते असो.

मेळाव्याच्या पहिल्या दिवशी ती काळी चाकं घेऊन ट्रेलर अकरा नंबरवर उभा राहिला. माणसं थबकली. नव्या कोऱ्या मेणकापडावर डांबर सांडल्यावर बायका जशा बघतात, तसं सगळे बघत होते. वेंडेल गुडघ्यावर बसला, विजेरी मारली आणि उठला.

"लोरीनबाई, तुम्हाला रीत माहीत आहे. तीन दिवस जुनी चाकं लावा. ट्रेलर ठोकळ्यांवर ठेवू, भार येणार नाही. मेळावा संपला की बदला. सगळेच करतात."

"सगळे करतात ते ठाऊक आहे मला. दिखाव्यासाठी मीही अकरा वर्षं जुनी चाकं ठेवली, आणि घर फुटलं माझं."

"पण मग हा मूळ राहत नाही."

लोरीनचा तो बसमधला आवाज तेव्हा बाहेर आला. शेवटच्या तंबूपर्यंत गेला असेल. "हा बनवला कशासाठी, वेंडेल? हिंडायला! मूळ काय ते हिंडणं. तुझे नऊ ट्रेलर शेडमध्ये दोरीमागे उभे आहेत, त्यांत मूळ काय उरलंय, सांग मला!"

वेंडेलचे कान लाल झाले. लोरीनने मला हाक मारली, आम्ही दोघींनी तिच्या गाडीतून ती दोन्ही जुनी चाकं गडगडत आणली आणि अकरा नंबरच्या पाटीला टेकवून ठेवली. "ही घे. एकदम मूळ आहेत. मानाची जागा यांना दे," ती म्हणाली, आणि ट्रेलर ओढून मागे, सामान्य लोकांत नेला. तिथे संध्याकाळपर्यंत तिच्या दारात चौघं जण वजनाचा काटा कुठे आहे ते विचारायला आले. खरं सांगते, मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला की मी दोन पातेली मिरचीचं मटण केलं आणि सगळ्यांना वाढलं.

चौदाव्या दिवशी सकाळी डार्सी आली. मदतीला पुढे झाली तर लोरीनने बोटानेच मागे केलं. हूक जोडला, साखळ्या अडकवल्या, दिवे बघितले, टायरमधली हवा मोजली. चाळीस मिनिटं लागली. खांदा दुखत होता, मला दिसत होतं. मग ती निघाली. मी तिच्या शेजारी, डार्सी मागून आपल्या गाडीत.

नव्या चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर पुन्हा आवळावे लागतात. न आवळणाऱ्यांची चाकं त्यांच्या पुढे धावत गेलेली मी पाहिली आहेत. लोरीनने बरोबर पन्नासाव्या मैलाला गाडी बाजूला घेतली, नट पुरेसा आवळला की टक्क वाजणारा लांब पाना काढला आणि वाकली. पहिला नट झाला. दुसऱ्याला दोनदा जोर लावावा लागला. तिसऱ्याला पाना जागचा हलेना.

डार्सी मागे उभी होती. मला वाटलं, आता ही म्हणणार, बघ, मी सांगितलं नव्हतं? वाक्य तिच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. लोरीनलाही दिसलं असावं. ती सरळ झाली आणि पाना लेकीसमोर धरला.

"मला सगळं एकटीने करता येतं असं मी कधी म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "मी जाणार, एवढंच म्हटलं होतं. समोरासमोरचे नट घे. एकामागून एक नको."

डार्सीने पाना घेतला. ती रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली, ऑफिसच्या चांगल्या पँटमध्ये, आणि एकेक नट टक्क वाजेपर्यंत आवळला. एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे. वाजलेला प्रत्येक आवाज लोरीन मोठ्याने मोजत होती.

"झाले सगळे?"

"झाले." डार्सीने नाक पुसलं. चाकाला धरून ती तशीच बसून राहिली. "आई, मला रोज रात्री भीती वाटेल."

"मलाही वाटते," लोरीन म्हणाली. "आता चाकासमोरून बाजूला हो, बाळ."

डार्सी बाजूला झाली.