तानीच्या टेम्पोवरचा पोचा

अकलोलीच्या वरच्या अंगाला सतरा घरांचा पाडा आहे. त्या पाड्यात चाकं असलेली वस्तू म्हणजे दोन सायकली, तुळशीरामची जीप आणि तानीचा तीनचाकी टेम्पो. टेम्पो तानीचा म्हणायचा, पण घेतला होता तिच्या नवऱ्याने, जिव्याने. मोठ्या हौसेने अंबाडीहून जुना टेम्पो घेतला, चालवत पाड्यावर आणला आणि खाली उतरला तो थरथरतच. चावी तानीच्या हातात ठेवून म्हणाला, "ह्याच्यापरीस बैल बरा. त्याला हाक तरी कळते." त्यानंतर तो गडी त्या सीटवर पुन्हा बसला नाही. तीन आठवडे टेम्पो अंगणातल्या चिंचेखाली उभा राहिला आणि कोंबड्या हौद्यात अंडी घालू लागल्या.

तानीचं डोकं फिरलं. एवढी वस्तू दारात आणि ती अंड्यांसाठी? तिने तुळशीरामला गाठलं आणि म्हणाली, मला शिकव. चौथ्या दिवशी टेम्पो मागे घेताना तिला ब्रेक सापडेपर्यंत चिंच आली. हौद्याच्या डाव्या बाजूला परातीएवढा पोचा पडला. अख्खा पाडा हसला. जिव्या तर पोट धरून हसला, आणि त्याला हसायचा काय अधिकार होता देव जाणे. पण महिन्याभरात तानी वज्रेश्वरीच्या बाजारात गर्दीतून टेम्पो काढायला लागली, आणि मग रीतसर लायसन काढून राहनाळच्या गोदामातली नोकरी तिने सोडली. तिथे तीन वर्षं ती मार लागलेल्या खोक्यांचे फोटो काढायचं काम करत होती. दिवसभर उभं राहून पायांचे खांब झाले होते.

पण नाक्यावर टेम्पो लावून भाड्याची वाट बघणं म्हणजेही काही सुख नव्हतं. कधी दुपारपर्यंत कोणी विचारायचं नाही, कधी संध्याकाळी भरलेला माल थेट पनवेलला. लेक जागृती बारावीला, आणि आई घरी पोचेपर्यंत पोर वहीवर डोकं ठेवून झोपलेली. हे तानीला फार लागायचं.

अशात दापोड्याच्या एका मोठ्या गोदामातून बातमी आली. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीकडची पार्सलं पोचवायला रोजचा एक टेम्पो हवा होता. सकाळी दापोड्याला माल भरायचा, वाटेत वाटत यायचं आणि शेवटचं पार्सल टाकलं की तानीचं घर दीड किलोमीटरवर! असा राउंड पुन्हा कधी निघणार होता? तानी त्याच दिवशी जाऊन धडकली.

गोदामाच्या ऑफिसात सुचेता मॅडम होत्या. चष्मा दोरीला, आवाज शाळेतल्या बाईंचा. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "गाडीचे चार फोटो पाठवा. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. निवड वरचं ऑफिस करतं. त्यांना तुमची गाडी दिसत नाही, फोटोच दिसतो. शुक्रवारी पाचला यादी जाते."

"एवढंच ना?" तानी म्हणाली.

एवढंच कसलं! पाड्यावर हौसेने गाडीचा फोटो आजवर दोनदाच निघाला होता, गाडी आली तेव्हा आणि दसऱ्याला. त्यामुळे आता फोटो म्हटल्यावर सासू राहीबाईने अंगणातली झेंडूची फुलं तोडून हातभर माळ केली. टेम्पोला अंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग राहीबाई पुढच्या सीटवर बसली, जिव्या पुढून टेम्पोला टेकला, शेजारची चार माणसं उभी राहिली, आणि जागृतीने फोटो काढला. सगळे कसे छान हसत होते.

सुचेता मॅडमचं उत्तर आलं, "गाडी कुठे आहे?"

तानीला आधी राग आला. मग तिने फोटो नीट पाहिला. नंबरावर माळ, दिव्यावर जिव्याचं ढुंगण. आता बाईला काय दोष द्यायचा?

दुसऱ्या दिवशी माणसं बाजूला केली. भर दुपारी काढला तर चिंचेच्या सावलीचे पट्टे अंगावर पडून टेम्पो वाघ दिसायला लागला. उन्हात काढला तर काच एवढी चमकली की बाकी सगळं काळं, आणि खाली तानीची स्वतःचीच सावली. सूर्य कलल्यावर काढला तर पांढरा टेम्पो केशरी. शिवाय प्रत्येक फोटोवर धुकं. मॅडमनी तिन्ही वेळा एकच शब्द पाठवला, "नाही."

"आये, दे इकडं," जागृती म्हणाली. तिच्याकडे चेहरे गोरे करायचं एक ॲप होतं. मैत्रिणींच्या पुटकुळ्या ती त्यातच घालवायची. पोरीने बोट फिरवलं आणि गंज गेला. पुन्हा फिरवलं, ओरखडे गेले. मग पोच्यावर बोट ठेवून तिने आईकडे पाहिलं.

तो पोचा तानीला कधीच आवडला नव्हता. नाक्यावरचे ड्रायव्हर त्याच्याकडे बोट दाखवून हसायचे, म्हणायचे, बाईमाणसाची गाडी लांबूनच ओळखू येते.

"पूस," ती म्हणाली.

पोचा गेला. चिंचही गेली. मागे निळं आभाळ आलं. अख्ख्या पाड्याने तो फोटो बघितला आणि राहीबाई म्हणाली, "ही आपली न्हाय वाटत." कौतुकाने म्हणाली बिचारी.

मॅडमचं उत्तर आलं, "छान. शुक्रवारी दुपारी गाडी घेऊन या." तानीचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी साडेतीनला ती दापोड्याला पोचली. सुचेता मॅडम फोन हातात धरून टेम्पोभोवती फिरल्या. डाव्या बाजूला आल्यावर थांबल्या. फोनमध्ये पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, पुन्हा फोनमध्ये पाहिलं.

"ही गाडी ती नाही."

"म्याडम, तीच हाय!"

"नंबर तोच आहे. गाडी दुसरी आहे. गेल्या महिन्यात एकाने भावाच्या नव्या टेम्पोवर स्वतःच्या नंबराची पाटी लावून फोटो काढला होता. मला वरून बोलणी खावी लागली." आणि मॅडमनी हातातल्या कागदावर तानीच्या नावावर रेघ मारली.

लबाड? आजवर तानीला अडाणी म्हणणारे भेटले होते, हट्टी म्हणणारे तर घरातच होते, पण लबाड कोणी म्हटलं नव्हतं. "पोरीनं फोटो गोड केला ओ," ती म्हणाली. "मीच सांगितलं तिला पोचा पुसायला. लाज वाटायची मला त्याची. पण गाडी माजीच हाय."

"ते मी वरच्यांना कसं दाखवू?"

तेव्हा तिला विम्याचा कागद आठवला. सीटखालून प्लास्टिकची पिशवी ओढून तिने फाइल काढली. टेम्पो तिच्या नावावर झाल्यावर विमा काढायला एक माणूस आला होता. त्याने बाकी टेम्पो सोडून पोच्याचेच फोटो काढले होते, जवळून, लांबून, नंबरासकट. तानी तेव्हा त्याच्यावर जाम चिडली होती, चहासुद्धा विचारला नव्हता. ते फोटो कागदाला जोडलेले होते.

मॅडमनी चष्मा लावला. कागदावरचा पोचा, टेम्पोवरचा पोचा. वरच्या कडेला तोच बाक, खाली चिंचेच्या सालीचा तोच ओरखडा.

"म्हणजे गाडी खरी आहे," त्या म्हणाल्या. "फोटो खोटा आहे. खोटा फोटो मी पाठवणार नाही. सव्वा तास आहे, बघा काय करता." आणि त्या आत गेल्या.

तानी फोन घेऊन उभी राहिली. इथे जागृती नव्हती, ॲप चालवायचं तर तिला स्वतःला येत नव्हतं. समोर माल चढवायच्या धक्क्यावर एक हमाल फाटलेल्या खोक्याचा फोटो काढत होता आणि काढताना लेबलावरच अंगठा धरत होता. तानीच्या तोंडून आपोआप निघालं, "अरे भैया, लेबल दिखने दे! चारों कोना ले!"

आणि तिने कपाळावर हात मारला.

तीन वर्षं! तीन वर्षं तिने हेच केलं होतं. मार लागलेलं खोकं उन्हातून उचलून सावलीत आणायचं, कारण उन्हात फाटलेलं दिसत नाही. कॅमेऱ्याची काच पुसायची. खोक्याच्या उंचीला वाकायचं. चारही कोपरे आत घ्यायचे, लेबल वाचता आलं पाहिजे. आणि मार लागलेली बाजू सगळ्यात आधी, शेजारी वीत ठेवून, म्हणजे बघणाऱ्याला आकार कळतो. एवढं सगळं येत होतं, पण टेम्पो म्हणजे तिला खोकं कधी वाटलाच नव्हता. टेम्पो घरातलाच होता, म्हणून त्याला नटवायचं सुचलं.

तिने पदराने फोनची काच पुसली. तेलाचा एवढा थर निघाला की धुक्याचा उलगडाच झाला. त्याच हाताने फोडणी द्यायची, त्याच हाताने फोन धरायचा, दुसरं काय होणार? मग तिने टेम्पो गोदामाच्या मागच्या बाजूला नेला. तिथे मोठी सपाट सावली होती, समोर आभाळ मोकळं, मागे साधी राखाडी भिंत. बारा पावलं मागे जाऊन जागा नक्की केली. दिव्याच्या उंचीला गुडघ्यावर बसली. हमाल लांबून ओरडले, "दीदी, सेल्फी नहीं लोगी?" तिने लक्ष दिलं नाही.

पहिला फोटो पोच्याचा. त्यासाठी जवळ आली, डाव्या हाताची वीत पसरून त्याच्याशेजारी लावली आणि उजव्या हाताने काढला. बांगड्यांसकट हात आला. येऊ दे म्हणाली. मग पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. एक फोटो तिरका आला होता, तो जागृती सरळ करते तसा बोटाने फिरवून सरळ केला. एक जरा काळपट होता, त्याचा उजेड थोडा वाढवला. टेम्पो पांढरा होता तेवढाच पांढरा दिसला, तशी थांबली. बाकी कशाला हात लावला नाही. गंज होता तिथे राहिला.

पावणेपाचला तिने मॅडमसमोर फोन ठेवला. मॅडमनी एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"हे कोणी काढले?"

"मीच."

"सत्तर गाड्यांचे फोटो बघते मी महिन्याला. पोच्याचा फोटो आजवर कोणी आपणहून पाठवला नाही." त्यांनी कागद पुढे ओढला, मारलेल्या रेघेच्या वर तानीचं नाव पुन्हा लिहिलं आणि फोटो पाठवून दिले.

पाच वाजून गेले. तानी बाहेर टेम्पोच्या पायरीवर बसून राहिली. तिला घरी जायचं नव्हतं, काय सांगणार होती घरी? सहाला मॅडम फोन घेऊनच बाहेर आल्या. "वरून विचारतायत, फोटोतला हात कोणाचा आहे?"

तानी पायरीवरून उठली. "काढायला नको होता का?"

"मी लिहिलं, गाडी चालवणारीचा." सुचेता मॅडम पहिल्यांदा हसल्या. "सोमवारी सकाळी सातला माल भरायला या, तानीताई."

तानीला रडू आलं. हमालांसमोर, मॅडमसमोर, भर आवारात ती रडली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी गणेशपुरीचं शेवटचं पार्सल टाकून ती पाड्यावर आली तेव्हा अजून ऊन होतं. जागृती अंगणात वही घेऊन जागीच होती. राहीबाई तबक घेऊन आली. पहिल्या राउंडचं हळदकुंकू लावायला हवंच होतं. सवयीने ती पुढे नंबराकडे निघाली, मग वळली आणि डाव्या बाजूला जाऊन तिने ते पोच्यावर लावलं.

"आये, आता फोटो काढू?" जागृतीने विचारलं.

"काढ," तानी म्हणाली. "सगळ्यांना बोलव. आणि तुझ्या बापाला सांग, दिव्यासमोर उभा राहिला तरी चालंल."