शिडीच्या पायथ्याशी बाबू

शिडीला हात लावण्याआधी बाबू प्रत्येकाला दोन प्रश्न विचारतो. पोटात काही गेलंय का, आणि घरात कुणाशी वाजलंय का. पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आलं तर तो चहा-पाव मागवतो. दुसऱ्याचं 'हो' आलं तर त्या माणसाला त्या दिवशी वर घेत नाही. खाली बसून कौलं घासायची. मग तो माणूस वीस वर्षं त्याच्याबरोबर काम केलेला का असेना.

बाबू देवरूखच्या पुढच्या एका वाडीतला. घरी भातशेती, आणि उन्हाळ्यात शाकारणी. म्हणजे पावसाच्या आत छपरावर चढायचं, कौलं उतरवायची, फुटकी बाजूला करायची, खालच्या कुजलेल्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, बदलायच्या आणि सगळं पुन्हा लावायचं. त्याच्या तरुणपणी आमच्या गल्लीतली सगळी घरं तो आणि त्याचा भाऊ करायचे. आता बहुतेकांकडे स्लॅब आहेत, आमच्याकडेही. बासष्ट-त्रेसष्टाव्या वर्षी बाबूकडे एक शाळा, दोन देवळं आणि बंदराकडे जाताना लागणारं जुनं थेटर एवढंच उरलंय.

थेटर म्हणजे आमचं जुनं नाट्यगृह. जांभ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि भिंत व छप्पर यांच्यामध्ये हवेसाठी ठेवलेल्या लांबट खिडक्या. मी लहान असताना तिथे भर मे महिन्यात नाटकं बघितली आहेत, पंख्याशिवाय. पुढे कुणीतरी त्या खिडक्या बुजवल्या, खालून खोटं छत ठोकलं आणि एसी बसवला. खाऱ्या हवेनं एसीची यंत्रं दर दोन-तीन वर्षांनी गंजायची आणि आतली ओल लाकडात मुरत राहायची. गेल्या वर्षी छताचा एक तुकडा रिकाम्या खुर्च्यांवर पडला आणि थेटर बंद झालं.

माझी मुलगी वेदिका आर्किटेक्ट आहे. पुण्याची नोकरी सुटल्यावर ती घरी आली होती. तिनं थेटरच्या समितीला लिहून दिलं की पाडू नका आणि पत्रेही घालू नका. खोटं छत काढा, बुजवलेल्या खिडक्या उघडा, छपराच्या माथ्यावर, आढ्यापाशी, गरम हवा जायला वाट ठेवा, जुनी चांगली कौलं तशीच परत वापरा. एसीशिवाय सभागृह किती थंड राहील, वीज किती वाचेल, सगळं तिनं आकड्यांत मांडलं होतं. समितीचे सेक्रेटरी निलेशराव पत्र्याच्या बाजूचे होते, तरी त्यांनी या उन्हाळ्यापुरतं हो म्हटलं. पाऊस लागायच्या आत छप्पर बंद झालं नाही तर पत्रे, असं ठरलं.

मलाही आनंद झाला होता. वेदिका स्वतः वर चढणार आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कुठल्या वाशात ओल आहे, कुठलं लाकूड ठेवायचं, कुठलं बदलायचं, हे तिला हातानं बघायचं होतं. कमरेला दोर बांधतात, म्हणाली. दोर बांधायचा आढ्याच्या लाकडाला. आणि आढ्याचं लाकूड कुजलंय की नाही हेच बघायला ती वर जाणार होती. मी हे तिच्या बाबांना फोनवर सांगितलं. ते मुंबईला असतात. म्हणाले, बाबू आहे ना बरोबर.

म्हणून मी पहिल्या दिवशी बाबूलाच भेटायला गेले. मी शाळेच्या लायब्ररीत काम करते; शाळेला सुट्टी होती, म्हणून मी मोकळी होते. माझा विचार असा, की बाईमाणसाला वर घेत नाही असं त्यानं सांगून टाकावं. तो शिडीशेजारी उकिडवा बसला होता. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि मग मला त्याच्या भावाची गोष्ट सांगितली.

अनिल त्याच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा ओटी कुणाच्या बायकोनं भरायची यावरून दोघा भावांत वाजलं. महिना झाला तरी बोलणं नव्हतं. न बोलताच दोघं या थेटरच्या छपरावर चढले. कौलांवरून चालताना पाय वाशावरच ठेवायचा असतो. वासा खाली असतो, दिसत नाही, अंदाजानं कळतो. अनिलचा पाय दोन वाशांच्या मधे पडला. तो आत, स्टेजवर कोसळला. त्यानंतर नऊ वर्षं अंथरुणावर होता. त्याला भरवणं, पुसणं, कूस बदलणं बाबूनं केलं.

"त्याला रस्ता पाठ होता, वैनी," बाबू म्हणाला. "पन पाय कौलावर नि डोकं घरात. म्हनून विचारतो मी. बायमानूस-बाप्यामानूस काय नाय त्यात."

मग वेदिका आली. त्यानं तिला विचारलं, "काय गो बाय, न्हेरी केलीस? घरात वाजलं बिजलं नाय ना?"

ती हसून नाही म्हणाली आणि माझ्यासमोर शिडी चढून गेली.

आमच्या गच्चीवरून थेटरचं छप्पर दिसतं. त्या दिवशी मी तीन वेळा वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा वाळत घातले. ती वर उभी राहिली की माझ्या तळपायांना मुंग्या यायच्या. ती वाकली की मी कठडा धरायचे. संध्याकाळी ती मातीनं माखून घरी आली, दोन पोळ्या जास्त जेवली, आणि आढ्याचं सागवान कसं अजून कडक आहे ते सांगत बसली. मला फक्त दोन वाशांमधलं अंतर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याशी भांडले. मुद्दाम. ओला टॉवेल पलंगावर टाकला एवढंच निमित्त. मी वाढवत नेलं, तीही बोलली. दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा ती अंगणात फुटकी कौलं मोजत बसली होती. बाबूनं विचारलं, तिनं खरं सांगितलं, त्यानं खाली बसवलं. मी डबा ठेवला आणि घरी येऊन निवांत झोपले.

असं मी चार दिवस केलं. कधी गाडीच्या चावीवरून, कधी मामेबहिणीच्या लग्नाला न जाण्यावरून. चारही दिवस ती खाली बसली. छपराचं काम रेंगाळलं, कारण कुठलं लाकूड काढायचं हे तिच्याशिवाय कोण सांगणार. निलेशराव दोनदा येऊन गेले. पत्रे आठवड्यात होतात, असं तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हर्षदला म्हणाले. हर्षद बाबूच्या माणसांपैकी एक, शिडीपाशी उभा राहून कौलं खाली घेणारा. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण फार नाही. थेटर गेलं तर जाऊ दे, असं माझ्या मनात आलं होतं. इथे ते लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

पाचव्या दिवशी वेदिका भांडेना. मी जे बोलेन त्याला हो म्हणत होती. चहा घेतला, बूट घातले. साडेआठ वाजत आले होते. माझा धीर सुटला आणि मी म्हणाले, "हेही तुला जमणार नाही. पुण्यातही जमलं नाही म्हणूनच परत आलीस ना?"

ती उठली. पोह्यांची बशी तशीच ठेवून गेली.

मी बशी उचलली. मनात म्हटलं, बोलले ते वाईटच, पण आज नक्की ती खाली बसणार. संध्याकाळी समजूत काढू. मग कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेले.

वेदिका आढ्यावर होती.

स्टेजवरचं छप्पर बाकीच्यापेक्षा उंच आहे. त्या उंच भागावर ती उभी होती, आणि बाबू खूप खाली, छपराच्या कडेला, पागोळीजवळ. तिनं त्याला खोटं सांगितलं असणार. जेवून आले, भांडण नाही. उपाशी होती, आणि माझं ते वाक्य डोक्यात घेऊन ती वाशांचा अंदाज घेत होती. तिला तिथे मी चढवलं होतं.

पायात काय घातलं आठवत नाही. थेटर पाच मिनिटांवर आहे. वाटेत मला एकच कळत होतं, की हाक मारायची नाही. बाबूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खालून कुणी नाव घेतलं की वरचा माणूस वळून बघतो. मी अंगणात शिरले तेव्हा तोंडावर पदर दाबून धरला होता.

वर माणसांची ओळ बसली होती. आढ्यापासून पागोळीपर्यंत तिघं, मग बाबू, मग शिडीवर एक आणि खाली हर्षद. कौल या हातातून त्या हातात खाली येत होतं. मी हर्षदच्या कानाशी जाऊन सांगितलं, वेदिका भांडून आली आहे, आणि उपाशी आहे, बाबूला सांग, पण ओरडू नकोस. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग शिडीवरच्याकडून कौल घेताना त्याला हळूच सांगितलं. त्यानं पुढचं कौल घेताना बाबूला सांगितलं. माझ्या घरातली गोष्ट अशी एकेका माणसाच्या तोंडून वर गेली.

बाबूनं मान वर केली नाही. हातातलं कौल खाली दिलं, पंजा लुंगीला पुसला आणि चवड्यांवर, हात टेकत चढायला लागला. वाटेतल्या तिघांना त्यानं हातानंच थांबायला सांगितलं. कौलांचा आवाज बंद झाला. तेव्हा वेदिकाला काहीतरी कळलं असावं. ती वळली. तिच्या पायाखालचं कौल सुटलं, घसरत आलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर फुटलं. ती एका गुडघ्यावर बसली. दोर ताणला गेला होता.

मी ओरडले नाही. पदर दातांत होता, तो नंतर फाटलेला सापडला.

बाबू तिच्या शेजारी जाऊन बसला, जसं एखादा कट्ट्यावर बसतो. काहीतरी बोलला. ती रडत होती हे खालूनही कळत होतं. तो घाई करत नव्हता. दहा मिनिटं झाली असतील, जास्तही. मग तो तिच्या खाली झाला आणि तिचा एकेक पाय स्वतःच्या हातानं धरून एकेका वाशावर ठेवत तिला उतरवू लागला. मी प्रत्येक पाऊल बघितलं. एकोणीस पावलं, मग शिडी.

जमिनीवर आल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नळावर तोंड धुवायला गेली. बाबू माझ्यापाशी आला.

"पाच दिस मुद्दाम करत होतात काय?" त्यानं विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फुटक्या कौलाचे तुकडे पायानं बाजूला सारत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरगी खोटं बोलली, कारन खरं बोलली की बसून ऱ्हावं लागतंय. ते तुमी शिकवलंत. आता मी तिला विचारनार नाय. उद्यापासून तुमाला विचारनार. तुमी हितं याचं, रोज."

त्या संध्याकाळी मी वेदिकाला सगळं सांगितलं, मुद्दाम भांडत होते तेही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुण्याचं नको होतं बोलायला." मी म्हटलं, "नको होतं." तिनं पोहे गरम करून मागितले. सकाळचेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. सगळे शिडीपाशी उभे होते. बाबूनं तिच्याकडे बघितलंही नाही.

"वैनी, बाय जेवली?"

"जेवली."

"घरात वाजलं काय?"

हो म्हटलं असतं तर ती आजही खाली राहिली असती. माझ्या एका शब्दावर होतं. वेदिका दोराची गाठ घट्ट करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मला आढं दिसत होतं, आणि काल कौल सुटलं तिथली काळी मोकळी जागा.

"नाही वाजलं," मी म्हणाले. "पण मला फार भीती वाटते."

"ती मलापन वाटते," बाबू म्हणाला आणि शिडी चढू लागला. वेदिका त्याच्यामागून गेली.

मी जायला निघाले तर हर्षद म्हणाला, काकी, एक माणूस कमी आहे, गणपतीपुळ्याला पाहुण्यांकडे गेलाय. तेव्हापासून हर्षद शिडीवर असतो आणि मी खाली, त्याच्या जागेवर उभी राहते. चार दिवस झाले, अजून सहा दिवसांचं काम आहे. उद्या पुन्हा स्टेजवरचं आढं. वरून कौल येतं, मी घेते, भिंतीशी लावते, परत हात वर करते. बोटं कौलाखाली येईपर्यंत हर्षद सोडत नाही. वर मी बघत नाही.