पाव्हण्यांचं पाणी

मी याच जिल्ह्यातली, पण घाटावरची. आमच्याकडे पाणी विहिरीतून शेंदायचं आणि प्यायचं, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. बदली होऊन घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आले आणि पहिल्या दिवसापासून पाण्याच्याच गोष्टी कानावर पडू लागल्या. हा खारपाणपट्टा. हापशाच्या तोंडाला पांढरी खपली धरलेली, साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, चहात दूध घातलं की नासतं. मी तालुक्याला खोली घेतली होती, तिथं कॅनचं पाणी यायचं. गावात कुणाकडे गेले तरी समोर येणारा पेला गोड्या पाण्याचाच असायचा. मला वाटायचं, लोक जरा वाढवूनच सांगतात.

सातवीत एक मुलगी होती. आईवडील दोघंही मजुरीला जाणारे. पोरगी गणितात अशी तयार की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तोंडावर. "हो का गं शहाणे, आणि रीत कोण मांडणार, तुझा मामा?" असं मी तिला दटावायची आणि मनातून सुखावायची. पण तिला अधूनमधून पोटात कळ यायची. खामगावला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी मूतखडा सांगितला आणि बजावलं, पाणी बदला आणि भरपूर पाजा. तिचे वडील शाळेत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, पानी कुठून बदलू? औंदा पुन्हा दुखलं तं मामाकडे धाडतो तिले. तिकडं गोडं पानी हाय."

पाणी होतं, पण मामाच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच होती. पुढच्या शाळेला लांब जावं लागायचं, आणि पोरीला एकटीला कोण जाऊ देणार? म्हणजे पाणी मिळणार आणि शाळा सुटणार. पाण्यासाठी शाळा सोडायची, हे ऐकून मला धक्काच बसला होता. आपण कोणत्या काळात राहतो, असं मी खोलीवर जाऊन नवऱ्याला फोनवर ओरडून विचारलं. त्यात त्याचा बिचाऱ्याचा काय दोष!

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे खरं. पण हट्टही कमी नाही. मुख्याध्यापक सर आणि मी ग्रामपंचायतीत जाऊन बसलो, दारोदार फिरलो, शहरात नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना गाठलं. आणि शाळेला पाणी गोडं करणारं मशीन आलं. व्हरांड्यात मुलांच्या उंचीचे नळ बसवले, खाली फरशी घातली. गावानं नारळ फोडला. पहिला पेला आलेल्या साहेबांना दिला, दुसरा सरपंचांना, मग आम्हा शिक्षकांना. मुलं रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. टाळ्या संपल्यावर खाऊ वाटला आणि सगळे घरी गेले.

आमच्या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असतं. त्यात पाणीमंत्री मी तिलाच केलं. हेतू एवढाच, की मशीनशी तिची गाठ राहील आणि ती येताजाता पाणी पीत राहील. मंत्रीणबाईंनी खातं भलतंच मनावर घेतलं. सकाळी आल्याबरोबर नळ पुसायची, फरशी धुवायची, ऑफिसातला जग भरून ठेवायची. कुणी पालक आले, कुणी साहेब आले, की ताटात पेले मांडून ही हजर. एक साहेब तर म्हणाले, "मॅडम, मंत्री असावा तर असा." मी कॉलर ताठ करून हसले. खिचडी शिजायची ती त्याच पाण्यात, आमचा चहा त्याच पाण्याचा. डाळ मऊ शिजू लागली म्हणून खिचडी करणाऱ्या मावशी खूश. मशीन रोज चालायचं, टाकी रोज रिकामी व्हायची. आणखी काय हवं?

आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस ती माझ्या तासाला बाकावर वाकली. हातातली पेन्सिल खाली पडली. चेहरा पांढराफटक. मी धावले, तिला मांडीवर घेतलं. ती ओठ दाबून कण्हत होती आणि मधेच "काही नाही मॅडम, होईल बरं" म्हणत होती. वडील कुणाची तरी गाडी मागून आले, तिला दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी एकटेच शाळेत आले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मशीन लावून काय झालं मॅडम? सोमवारी तिले मामाकडे नेऊन सोडतो. दाखला काढून ठेवजा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मशीनच खोटं असणार! फसवलं आपल्याला! मी खामगावहून मेकॅनिक बोलावला आणि तो गाडीवरून उतरायच्या आत त्याच्यावर तोंडसुख घेतलं. त्यानं शांतपणे मीटर बुडवून पाणी तपासलं, पेला भरला, माझ्यासमोर पिऊन दाखवला. म्हणाला, "मॅडम, पानी एक नंबर आहे. पोरगं पेलं तं काही होत नाही." पाणी चांगलं होतं, मग पोरगी आजारी का पडली? मला काही समजेना.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत खिचडीत मीठ जास्त पडलं होतं. मावशींना ते सांगायला मी स्वयंपाकखोलीच्या मागच्या बाजूनं गेले. एरवी त्या वेळी आम्ही शिक्षक ऑफिसात डबे उघडून बसलेले असायचो. मागं जुना हापसा होता. मशीन आल्यापासून मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. आणि तिथं अख्खी शाळा रांगेत उभी. एक जण हापसत होता, बाकीचे ओंजळ धरून घटाघटा पीत होते.

मी जागच्या जागी थिजले. वळून व्हरांड्याकडे पाहिलं. नळ चकचकीत, फरशी लख्ख. एकही मूल तिथं नव्हतं.

"अरे, हे काय करताय? तिकडचं पाणी का नाही पीत?" मी जवळजवळ किंचाळलेच.

मुलं गोंधळली. पहिलीतली एक चिमुरडी तोंड पुसत म्हणाली, "मॅडम, ते पाव्हन्याचं हाय ना."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. इथं घरोघरी लांबून आणलेल्या गोड्या पाण्याची एक कळशी झाकून ठेवलेली असते. ती पाव्हण्यांची. घरचे खारं पितात, पोरं तर हमखास. कळशीला हात लावला तर पाठीत धपाटा बसतो. मला दारोदार मिळालेला तो प्रत्येक पेला त्या कळशीतला होता, हे तिथं, हापशापाशी उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात शिरलं. शाळेत गोडं पाणी आलं आणि ते साहेब प्याले, सरपंच प्याले, आम्ही प्यालो. मुलांना सगळं अगदी बरोबर वाटलं.

"आणि तुमची पाणीमंत्री?" मी विचारलं, तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"ती तं आमाले हापसून देते," एक मुलगा म्हणाला. "तिकडं कोनी गेलं तं वरडते. म्हनते, पाव्हने आले तं काय देऊ?"

शाळा सुटल्यावर मी तडक तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, पुढं सारवलेलं अंगण. ती खाटेवर बसून होती, शेजारी कपड्यांची पिशवी बांधलेली. आईनं लगबगीनं सतरंजी टाकली, आत गेली आणि घासूनपुसून लख्ख केलेला पेला माझ्यासमोर आणून ठेवला.

"घ्या मॅडम. गोडं हाय. आमची पोरगीच आनते शायेतून बाटलीत. कोनी आलं-गेलं तं लागते."

केवढ्या अभिमानानं बोलत होती ती! वडील दारात उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मशीन चांगलं आहे, पाणी चांगलं आहे. फक्त तुमच्या मुलीनं त्यातलं घोटभरही प्यायलेलं नाही.

त्यांना ते खरंच वाटेना. ते खाटेपाशी गेले. "काऊन वं? काऊन नाही पेली? कोनी नाही म्हनलं का तुले?"

ती पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "बाबा, तुमीच तं म्हनता, गोडं पानी पाव्हन्याचं असते म्हनून."

आईनं पदर तोंडाला लावला. वडील भिंतीला टेकून खाली बसले आणि हातांकडे पाहत राहिले. मला त्यांच्यावर रागवता येईना. त्यांनी पोरीला चांगलंच वळण लावलं होतं, आणि त्याच वळणानं ती आजारी पडली होती. याबद्दल कुणावर ओरडायचं, मला सुचेना.

थोड्या वेळानं ते उठले. माझ्यासमोरचा पेला त्यांनी उचलला. पाव्हण्यापुढून पेला उचलायचा, हे त्या घरात कधी झालं नसेल. आईच्या तोंडून "अवो" एवढंच निघालं. त्यांनी तो दोन्ही हातांनी मुलीपुढं धरला.

"घे. सारं पे. सोमवारी शायेत जायचं आन् तिथं बी प्यायचं. मामाले मी फोन करतो, नाही येत म्हनून."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा तिनं पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही.

वडील आत गेले, माठातून दुसरा पेला भरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यांची मान वर होत नव्हती. "मॅडम, माफ करा," ते म्हणाले, "आज तुमी हे घ्या."

दोन वर्षांत मी त्या गावचं खारं पाणी पहिल्यांदाच तोंडात घेतलं. ते घशाखाली उतरेना. तिचे वडील समोर उभे होते, ती खाटेवरून बघत होती. मी डोळे मिटून पेला संपवला.