सहगुणकाच्या तासाला मी हसलो

मी हसलो. आधी तेच सांगतो.

बारामतीजवळ जळोचीतल्या माझ्या शिकवणीत आठवीची मुलं बसली होती. फळ्यावर ५x होतं. x म्हणजे चल, त्याची किंमत बदलू शकते. पुढचा पाच म्हणजे सहगुणक, त्या किमतीची किती पट करायची ते तो सांगतो.

"सहगुणक कळला का?" मी विचारलं.

घरमालक आबांचा नातू मागून म्हणाला, "व्हय सर. समीक्षाच्या मार्कांपुढं असतो त्योच. हिला चाळीस पडू द्या, सरकार दोननं गुणतंय."

"आन आपल्याला?" शेजारचा बोलला.

"आपुन नुसतं x!"

वर्ग हसला. त्यात मीही.

समीक्षानं त्या पोराकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. ती बौद्धांची. वडील एमआयडीसीत दूध प्रकल्पात कामाला.

मीही बौद्धच. ते तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

मी बावडा गावचा. बारामतीत जागा शोधताना जो तो विचारायचा, "पाहुणे कुठले तुमचे?" मग आडनाव. मग, "खोली कालच दिली की." शेवटी आबांना मी नुसतं नाव सांगितलं आणि पाहुण्यांची म्हणून दोन-चार मोठी गावं. आबांनी मला त्यांच्या जातीतला धरलं. मी खोडलं नाही. खोली मिळाली, शिकवणीला हॉल मिळाला. तेव्हापासून दर जयंतीला आबांना सांगायचो, "गावाकडं लग्न हाय." घरात बोलतानाही आवाज दबका ठेवायचा. बायको म्हणायची, "हे घर न्हाय, कोंडवाडा हाय." मी ऐकून घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी मी समीक्षाला विचारलं, "७y मध्ये सहगुणक कोणता?" एरवी सगळ्यांआधी हात वर करणारी पोरगी. म्हणाली, "म्हाईत न्हाय."

संध्याकाळी तिचे वडील आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. "सर, पोरगी गणित नगं म्हणती. काय झालं सांगत न्हाय. तुमी बोला, तुमचं ऐकंल ती."

तिनं घरी माझं नाव घेतलं नव्हतं. मी त्यांना आत बोलवायला हवं होतं. आबा ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "बघतो."

ते गेले. मला माझीच किळस आली.

पुढच्या तासाला मी खडू हातात घेतला नाही.

"परवाचं उदाहरण चूक होतं. पेपर तपासणारा कुणाचेच मार्क कशानं गुणत नाही. समीक्षाला चाचणीत पडले ते तिनं सोडवलेल्या गणितांचे. आणि ऐका, मीही बौद्ध आहे." पाठोपाठ आडनाव सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या हॉलमध्ये.

मग नातू हळूच म्हणाला, "सर, आबांना ठावं हाय का?"

"नाही. तास संपला की मी सांगणार आहे. हॉल गेला तर दुसरीकडं शिकवीन. पण यापुढं आडनाव गिळून कुठंच राहणार नाही. आणि माझ्या वर्गात असं कुणी पुन्हा बोललं, तर तास तिथंच थांबेल."

मग मी समीक्षाच्या बाकापाशी गेलो. हात जोडले.

"तो बोलला, पण मी हसलो. भ्यालो होतो म्हणून हसलो, पण ते कारण होऊ शकत नाही. तुझा सर असून मी तुला एकटं पाडलं. माझं चुकलं, समीक्षा. मला माफ कर."