कामाच्या दिवशी गोळी नाही

डिंगोऱ्याच्या सखूबाईच्या हाताखाली कांदालागणीची अकरा बायांची टोळी. तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. शेतमालकाशी बोलताना ती कधी मान खाली घालायची नाही. पण दोन वर्षं ही बाई डॉक्टरशी मात्र धडधडीत खोटं बोलत आली होती.

कारण सांगायचं म्हणजे, ब्लडप्रेशरची गोळी घेतली की तिला घटकाघटकाला लघवीला लागायचं. आता तुम्हीच सांगा, कांद्याचं रान म्हणजे सपाट वाफे, बांधावर साधं झुडूप नाही, पाणी धरणारे गडी चहूबाजूंनी. जायचं कुठं? मग कामाच्या दिवशी गोळी नाही, पाणीही घोटभरच. आणि सुट्टी असली की राहिलेलं भरून काढायला दोन गोळ्या एकदम! काय डोकं म्हणावं हे!

त्या दिवशी आळे गावात सोमाजीच्या रानात लागण चालली होती. दुपारी तिचं डोकं ठणकायला लागलं. मान आखडली, हातातली रोपं दोन-दोन दिसायला लागली. सोबतीण कुशाबाईनं तिला जीपगाडीत कोंबलं आणि थेट ओतूरच्या नेहमीच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरनं दोनदा दंडाला पट्टा आवळला. चेहराच उतरला त्याचा.

"मावशी, वरचं प्रेशर दोनशे दहा आहे! गोळी रोज घेता ना?"

"व्हय तर."

"मग ती पुरत नाही. डोस वाढवतो, जोडीला दुसरीही देतो." त्यानं पेन उचललं.

सखूबाईला मोरी आठवली. गेल्याच सुट्टीला दोन गोळ्यांनी डोळ्यांपुढं अंधारी येऊन ती मोरीत पडता पडता वाचली होती. त्यात हा वाढीव डोस म्हणजे मरणच की! आणि खरं सांगावं तर दार सताड उघडं, बाहेर बाकावर बाप्ये बसलेले, समोर पोराच्या वयाचा डॉक्टर. लाज आडवी येत होती. पेन कागदावर भराभरा चाललं होतं.

"थांबा!" ती एकदम ओरडली. "खोटं बोलले मी. कामावर असले की गोळी घेतच न्हाई."

"अहो, पण का?"

"लघवीला लई लागतं. रानात आडोसा न्हाई, डाक्टर. दिवसभर दाबून ठिवतो आमी समद्या."

डॉक्टरनं तो कागद फाडून टाकला. तिला तिथंच झोपवलं, औषध दिलं, दर थोड्या वेळानं प्रेशर बघत राहिला. उतार पडला तेव्हा कुठं तो बोलला.

"गोळी बदलून देतो, हिनं तेवढा त्रास होणार नाही. पण रोज ठरल्या वेळी घ्यायची. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मनानं बंद करायची नाही, काही झालं तर मला सांगायचं. आणि पाणी भरपूर प्यायचं."

पाणी म्हटल्यावर सखूबाईनं तिथंच सोमाजीला फोन लावला.

"सोमाजीभाऊ, बांधाला आडोसा पायजे."

"आं? कशाला?"

बाकावरचे बाप्ये कान देऊन ऐकत होते. सखूबाईनं आवाज चढवला.

"बायांना मुतायला! न्हाई केला तर उद्यापासनं टोळी येनार न्हाई."



"शेडनेटच्या जाळीचा चालंल का?" सोमाजीनं हळूच विचारलं.

"चालंल. पण चारी बाजूंनी बांधा."