साहेबानं पक्ष बदलला अन् आमच्या म्हाताऱ्याचा आवाज गेला

जय भीम सगळ्याइले. मी बोलून राह्यली अन् सून वनिता लिहून राह्यली. मले अक्षर येत नाही, पण मोबाईलात कोणता नेता किती खोटं हसते, ते बरोबर समजते.

मागच्या निवडणुकीत साहेब आमच्या गावात आले होते. त्याइच्या संगच्या पोराइनं व्हिडिओ काढून साहेबाच्या पेजवर टाकला. त्यात आमचा म्हातारा इचारते, "साहेब, नळ तं बसवले, पाणी कधी सोडता?" अन् स्वतःच खो खो हसते. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "बाबा, तुमच्यासाठीच तर आलो!"

त्याच सालात म्हातारा गेला. त्याचा आवाज तेवढ्या व्हिडिओतच उरला होता. रोज चहा पेताना मी तो वनिताकडून लावून घेत होती. पेजवर आहेच म्हणून आम्ही मोबाईलात उतरवून ठेवला नाही.

आज सकाळी पाहतो तं व्हिडिओच नाही.

वनिता म्हणे, "आत्याबाई, साहेबानं पक्ष बदलला. जुने सगळे व्हिडिओ काढून टाकले."

मी म्हटलं, "पक्ष त्यानं बदलला, मंग माह्या नवऱ्याले कायले काढलं?"

वनितानं पेजवर लिहून व्हिडिओ मागितला. लगेच उत्तर आलं, 'आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार', अन् खाली जोडलेले हात. ते वाचता वाचता वनिताच रडली.

तुमच्यापैकी कोणाजवळ तो व्हिडिओ असन तं पाठवा बाप्पा. साहेबाले कापून टाकलं तरी चालन.